जुना संगणक, दोन वेगळी दुखणी: एका घरातील विंडोज ते लिनक्स स्थलांतराचे प्रकरण

परिस्थिती

या प्रकरणातील संगणक २०१२ सालच्या सुमाराचा डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा तिसऱ्या पिढीचा कोअर आय-३ प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर-३ रॅम, मिनिटाला ७२०० फेरे घेणारी ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि प्रोसेसरमध्येच असलेले ग्राफिक्स होते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नव्हते. त्यावर विंडोज १० चालत होते. घरात तो तिघे जण वापरत: निवृत्त शिक्षक असलेले आजोबा त्यावर पत्रे आणि लेख टंकित करीत, त्यांच्या सूनबाई घरखर्चाचा हिशेब आणि वीज-विम्यासारखी ऑनलाइन भरणी सांभाळीत, आणि शाळकरी नातू अभ्यासाच्या निमित्ताने व्हिडिओ पाहत असे. तक्रारी तीन होत्या. संगणक सुरू होऊन हातात यायला फार वेळ लागे. विंडोज १० चा आधार (सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून मिळणारी अपडेट अर्थात अद्यतने) संपल्याची सूचना पडद्यावर वारंवार येई. आणि अधूनमधून एखाद्या दिवशी कोणतीही साइट उघडायला गेले की ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा दिसे. कोणीतरी ‘लिनक्स टाका, पळायला लागेल’ (म्हणजे विंडोज काढून लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम बसवा) असा सल्ला दिला होता आणि त्यानुसार हे काम माझ्याकडे आले.

हा सल्ला निम्माच बरोबर होता, असे माझे मत तेव्हाही होते आणि काम पूर्ण झाल्यावर ते अधिक पक्के झाले. संगणक मंद असणे आणि संगणकाला सुरक्षा-अद्यतने मिळणे बंद होणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुसऱ्यावर ऑपरेटिंग सिस्टिम बदलणे हा खरा इलाज आहे. पहिल्यावर तो बहुतेक वेळा पुरेसा नसतो. दोन्हींची गल्लत झाली की नव्या सिस्टिमकडून भलत्याच अपेक्षा धरल्या जातात आणि महिन्याभरात ‘हे आपल्याला जमत नाही’ म्हणून माघार घेतली जाते.

तपासणी

आधाराचा प्रश्न सरळ होता. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती ग्राहकांसाठी नावनोंदणी करून आणखी एक वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा-अद्यतने घेण्याची सोय ठेवली गेली; पण ती मुदतवाढच आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसरच अधिकृत यादीत आहेत. तिसऱ्या पिढीचा हा संगणक त्या यादीच्या जवळपासही नव्हता. अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा संगणकाला पुढची अद्यतने मिळत राहतील याची हमी कंपनी देत नाही. ज्या यंत्रावरून पैशांचे व्यवहार होतात त्यावर असा आडमार्ग धरणे मला योग्य वाटले नाही.

मंदपणाचे कारण शोधायला टास्क मॅनेजर, म्हणजे कोणत्या भागावर किती भार आहे हे दाखवणारी विंडोजमधली खिडकी, पुरला. सुरू झाल्यानंतर बराच वेळ डिस्कचा रकाना शंभर टक्क्यांवर चिकटून राहिलेला असे आणि त्याच वेळी प्रोसेसर मात्र जवळजवळ रिकामा बसलेला दिसे. फिरत्या डिस्कची ही मूळ मर्यादा आहे. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कवर हवा तो भाग वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी चार मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि ते टोक योग्य जागी सरकण्याचा वेळ त्यात आणखी मिळवावा लागतो. त्यामुळे विखुरलेले लहान लहान भाग वाचायचे असतील तर अशी डिस्क सेकंदाला शंभरच्या आतबाहेरच मागण्या पुरवू शकते. सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिमला नेमके असेच हजारो लहान तुकडे लागतात. हे गणित लिनक्स आले म्हणून बदलत नाही; मागण्या थोड्या कमी होतात, एवढेच.

त्यातच डिस्कची अंतर्गत आरोग्य-नोंद, म्हणजे ‘स्मार्ट’ची माहिती पाहिली, तेव्हा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या ओळीपुढे शून्य नव्हते. वाचता न आलेले आणि पुढच्या लेखनाची वाट पाहत असलेले भाग डिस्क या सदरात नोंदवते. ते एखाद-दुसरेच असले तरी डिस्कवर पुढे विसंबता येत नाही. इथून कामाचा क्रम बदलला: आधी माहिती वाचवणे, मग बाकी सर्व.

आणखी दोन गोष्टी तपासणीत उलगडल्या. संगणकाच्या गुणधर्मांच्या पानावर ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स-६४ प्रोसेसर’ असे लिहिले होते. म्हणजे यंत्र ६४-बिट असूनही त्यावर कोणे एके काळी ३२-बिट विंडोज बसवले गेले होते आणि ४ जीबीपैकी साधारण सव्वातीन-साडेतीन जीबी रॅमच वापरात येत होती. घरच्यांनी मात्र ‘आपला संगणक ३२-बिट आहे’ असे गृहीत धरून ३२-बिट लिनक्सचा शोध सुरू केला होता. तो मार्ग आता अरुंद होत चालला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सच्या आवृत्तीलाही ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही. सुदैवाने इथे त्याची गरजच नव्हती.

दुसरी गोष्ट ‘असुरक्षित जोडणी’च्या इशाऱ्याची. विचारपूस केल्यावर कळले की मुख्य बटण बंद ठेवले की संगणकाची तारीख काही वर्षे मागे जाते आणि आजोबा ती दरवेळी हाताने दुरुस्त करतात. ज्या दिवशी दुरुस्ती राहून जाई, त्या दिवशी इशारा येई. साइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राला ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. संगणकाच्या मते आजची तारीख त्या मुदतीच्या आधीची असेल, तर ब्राउझर ते प्रमाणपत्र नाकारतो आणि तसे करणे बरोबरच असते. वीज बंद असताना संगणकाचे घड्याळ चालू ठेवणारा, बोर्डावरचा सीआर-२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला होता; तो बदलला आणि तिसरी तक्रार तिथेच मिटली. ही तक्रार घरच्यांनी ‘विंडोज बिघडले’ या खात्यावर टाकली होती. सेल न बदलता लिनक्स बसवले असते, तर तीच तक्रार काही दिवसांनी ‘लिनक्स बिघडले’ या खात्यावर गेली असती.

माहितीची हलवाहलव

घरातल्या सर्वांना एका गोष्टीची खात्री होती: महत्त्वाचे सगळे ‘डी ड्राइव्ह’मध्ये आहे, म्हणजे सुरक्षित आहे. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत. डिस्क गेली की दोन्ही जातात आणि लिनक्स बसवताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला तर दोन्ही पुसले जातात. हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की असे कोणतेही काम हाती घेणाऱ्याने तो पहिल्याच बैठकीत दूर करावा. शिवाय सगळे डीमध्येही नव्हतेच. आजोबांचे अलीकडचे लेख डेस्कटॉपवर होते, सूनबाईंच्या पावत्या डाउनलोड्समध्ये साचल्या होत्या आणि जुन्या फोनमधली छायाचित्रे सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘न्यू फोल्डर’ नावाखाली पडून होती.

डिस्क आजारी असल्यामुळे प्रत घेण्याचा क्रम मोलाप्रमाणे लावला: पुन्हा मिळू न शकणारी छायाचित्रे आणि लेखन आधी, कागदपत्रे नंतर, पुन्हा डाउनलोड करता येण्याजोगे सगळे शेवटी. नेहमीच्या ‘कॉपी-पेस्ट’ने छायाचित्रांच्या एका फोल्डरवर काम अडून बसले, म्हणून विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा वापरली. तिथे एक खाच-खळगा आहे. एखादी फाइल वाचता आली नाही तर ही आज्ञा मुळात दहा लाख वेळा पुन्हा प्रयत्न करते आणि दर दोन प्रयत्नांमध्ये तीस सेकंद थांबते. म्हणजे एक खराब फाइल सगळे काम बेमुदत रोखून धरू शकते. प्रयत्न एक आणि थांबा एक सेकंद असे बंधन घातल्यावर ती खराब फायली सोडून पुढे गेली आणि कोणत्या फायली राहिल्या याची नोंदही तिने ठेवली. राहिलेल्यांपैकी बहुतेक छायाचित्रे नातेवाइकांच्या फोनवरून परत मिळाली. प्रती दोन घेतल्या, एक बाह्य डिस्कवर आणि दुसरी नव्या डिस्कसाठी. कारण एकुलती एक प्रत हातात घेऊन पुढचे काम करणे म्हणजे पुन्हा एकाच डिस्कवर भिस्त ठेवणे.

फायली उचलून नेल्या म्हणजे सगळे आले, असेही नसते. छायाचित्रांचे अल्बम बनवणारा एक जुना प्रोग्राम होता आणि त्याच्या फायली अन्य कशातच उघडत नव्हत्या. विंडोज चालू असेपर्यंतच त्यातले सगळे अल्बम पीडीएफमध्ये काढून घेतले. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही बाहेर काढले. ती फाइल उघड मजकुराची असते, म्हणून नव्या ब्राउझरमध्ये भरून झाल्यावर ती पुसण्याचे काम यादीत वेगळे लिहून ठेवले. बॅकअप घेताना या दोन गोष्टी हमखास निसटतात, कारण त्या कोणत्याही फोल्डरमध्ये दिसत नाहीत.

निवड आणि बसवणी

लिनक्सच्या कोणत्या वितरणाची (वेगवेगळ्या गटांनी तयार केलेल्या संचांपैकी कोणत्या संचाची) निवड करावी यावर लोक वाजवीपेक्षा जास्त वेळ घालवतात. इथे लिनक्स मिंट २२ ची, एक्सएफसीई हा डेस्कटॉप असलेली आवृत्ती घेतली. तिची मांडणी विंडोजच्या जवळची आहे, डेस्कटॉप हलका आहे आणि ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या वितरणावर आधारलेली असल्याने २०२९ पर्यंत तिला सुरक्षा-अद्यतने मिळणार आहेत. या घराला एवढी कारणे पुरेशी होती. ‘फुकट मिळणाऱ्या वस्तूची जबाबदारी कोणावर?’ हा आजोबांचा प्रश्न मात्र गंभीरपणे घेण्यासारखा होता. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेले लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली खुले आहे, आज त्यातले बरेचसे काम मोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते करतात आणि जगातल्या सर्व्हरांचा आणि अँड्रॉइड फोनांचा पायाही तेच कर्नल आहे. हे ऐकल्यावर त्यांची शंका निवळली. अडचण आल्यास फोन करायला एक ठरलेला क्रमांक नसतो, हा त्यांचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो खोडून काढण्याचा प्रयत्न मी केला नाही.

यंत्रात २४० जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, साटा या जोडणीवर चालणारी डिस्क) आणि ४ जीबीची आणखी एक रॅमपट्टी बसवली. बोर्डावरचे साटा पोर्ट सेकंदाला ३ गिगाबिटचे, म्हणजे जुन्या वेगाचे होते, त्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नव्हता. पण इथे मोठ्या फायलींच्या वेगापेक्षा लहान तुकडे तत्काळ मिळणे महत्त्वाचे होते आणि ते जुन्या पोर्टवरही मिळते. नव्या-जुन्या पट्ट्या एकत्र आल्या म्हणून मेमटेस्ट ८६+ रात्रभर चालवून रॅम निर्दोष असल्याची खात्री करून घेतली.

डाउनलोड केलेल्या आयएसओ (बसवणीच्या) फाइलची शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळण्याचा आकडा, विंडोजच्या सर्टयुटिल आज्ञेने काढून संकेतस्थळावरच्या बेरजेशी ताडून पाहिली आणि मग पेन ड्राइव्ह तयार केला. सुरू होताना बूटच्या यादीत तोच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा ‘यूईएफआय’ या शब्दासह (ही संगणक सुरू होण्याची नवी पद्धत) आणि एकदा त्याशिवाय (जुनी पद्धत). यूईएफआय असलेली नोंद निवडली. त्याआधी एक काम हाताने केले: जुन्या डिस्कची साटा वायर बोर्डावरून उपसून ठेवली. इन्स्टॉलरच्या पडद्यावर दोन डिस्कांची नावे वाचून योग्य ती निवडण्यापेक्षा पडद्यावर एकच डिस्क दिसेल अशी व्यवस्था करणे कितीतरी सुरक्षित आहे. विंडोज शेजारी ठेवून दोन्ही सिस्टिम बाळगण्याचा पर्याय मी सुचवला नाही. आजारी डिस्कवरचे आधारहीन विंडोज ‘असू दे’ म्हणून राहिले, की सवयीने त्यातच बँकेची साइट उघडली जाते.

बसवण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालवून आवाज, पडद्याचे रिझोल्यूशन, झोपवून पुन्हा जागे होणे आणि नेटजोडणी तपासली. यूएसबी वाय-फाय उपकरण ओळखले गेले, पण जोडणी थोड्या थोड्या वेळाने तुटत होती. त्या चिपसाठी बाहेरून ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) बांधता आला असता. परंतु असा ड्रायव्हर कर्नलच्या प्रत्येक अद्यतनाबरोबर पुन्हा बांधावा लागतो आणि एखाद्या दिवशी तो बांधला गेला नाही की घरच्यांच्या दृष्टीने ‘नेट गेले’. राउटर त्याच खोलीत होता. लॅनची वायर ओढली आणि विषय संपवला.

वापरात आल्यानंतर

प्रत्यक्ष बसवणी हा सर्वांत छोटा भाग ठरला. खरा वेळ लागला तो आजोबांच्या लिखाणाला. त्यांचे अलीकडचे लेख युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, होते आणि ते लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-संचात निर्धोक उघडले. जुने लेख मात्र युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकित केलेले होते. अशा फाइलमध्ये देवनागरी अक्षरे नसतातच; रोमन अक्षरांचे क्रमांक असतात आणि तो विशिष्ट फॉन्ट त्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते आणि पाहणाऱ्याला वाटते की लिनक्सने मजकूर मोडला. त्यांच्याकडे परवान्यासह असलेला फॉन्ट नव्या सिस्टिमवर बसवल्यावर लेख वाचता येऊ लागले, पण तेवढ्यावर थांबणे मला पटले नाही. ज्या लेखनात नावाने शोधता येत नाही आणि जे फोनवर पाठवता येत नाही, ते एका फॉन्टच्या आयुष्याशी बांधलेले असते. रूपांतरकाच्या साहाय्याने ते लेख युनिकोडमध्ये आणले. त्यात रफार आणि पहिली वेलांटी हटकून चुकतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये ही चिन्हे दिसण्याच्या क्रमाने टंकित होतात आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. म्हणून प्रत्येक लेख डोळ्यांखालून घालावा लागला. ते काम आजोबांनी स्वतः आनंदाने अंगावर घेतले. आयबस या टंकलेखनाच्या सोयीत इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही कळफलक लावून दिले. आयबस निवडल्यानंतर एकदा लॉग-आउट केल्याशिवाय ते दिसत नाहीत, इतकेच लक्षात ठेवावे लागते.

सूनबाईंच्या हिशेबाच्या एक्सेल फाइलमधली सूत्रे लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये जशीच्या तशी चालली. मॅक्रोची (एका दाबात अनेक कामे करणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) बटणे चालली नाहीत. ती बटणे नोंदी तारखेनुसार लावून ठरावीक पान छापण्यापुरतीच होती, त्यामुळे ऑटोफिल्टर आणि निश्चित केलेले छपाई-क्षेत्र यांनी काम भागले. कार्यालयातून येणाऱ्या पत्रांच्या ओळी सुरुवातीला पुढे-मागे होत. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कँब्रियाच्या जागी कॅलेडिया हे त्याच मापाचे मुक्त फॉन्ट असल्याची खात्री केल्यावर पाने जाग्यावर आली. मॅक्रोंवर रोजचे काम उभे असणाऱ्या घराला मात्र मी हा बदल सुचवणार नाही.

जुना लेझर प्रिंटर हा स्वस्त, ‘होस्ट-बेस्ड’ प्रकारातला होता. अशा प्रिंटरमध्ये पान रचण्याची बुद्धी नसते. ते काम संगणकाने करून द्यायचे असते आणि म्हणून नेमका ड्रायव्हर नसेल तर तो मुका राहतो. मिंटच्या यादीत त्याचे नाव सापडले आणि छपाई सुरू झाली. स्कॅनिंगसाठी उत्पादकाचा बंद स्वरूपाचा (आतला कोड खुला नसलेला) जोडभाग वेगळा घ्यावा लागला. मुक्त सिस्टिमवर बंद जोडभाग घेण्यास काहींचा तात्त्विक विरोध असतो आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे, परंतु स्कॅनर चालत नाही म्हणून घर विंडोजकडे परतले असते तर त्या तत्त्वाचाही काही लाभ झाला नसता.

नातवाची तक्रार राहिली. उच्च दर्जाचे व्हिडिओ अडखळत आणि प्रोसेसरचा पंखा घुमू लागे. २०१२ च्या या ग्राफिक्सला एच.२६४ या जुन्या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ स्वतः उलगडता येतो. व्हीपी९ किंवा एव्ही१ येत नाही, आणि यूट्यूब शक्य तिथे हीच नवी रूपे पाठवते. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो. एच.२६४ चीच मागणी करणारे एक्स्टेंशन फायरफॉक्समध्ये टाकले, तेव्हा अडखळणे बरेच थांबले, तरी सेकंदाला साठ फ्रेमचे व्हिडिओ अजूनही ७२० पी वरच पाहावे लागतात. इथे यंत्राचेच वय आड येते आणि कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम ते कमी करत नाही.

हिशेब

वेगाचे श्रेय कोणाला द्यावे, याबद्दल मी घरच्यांना स्पष्ट सांगितले. संगणक आता पटकन सुरू होतो तो प्रामुख्याने एसएसडीमुळे. ब्राउझरमध्ये अनेक टॅब उघडे असतानाही गुदमरत नाही तो ८ जीबी रॅममुळे. एक्सएफसीई रिकाम्या स्थितीत साधारण १ जीबीच्या आत-बाहेर रॅम घेते हा फायदा खराच आहे, परंतु एकटी बँकेची साइट आणि दोन व्हिडिओ टॅब ती बचत पाहता पाहता खाऊन टाकतात. ६४-बिट विंडोज १० याच एसएसडीवर बसवले असते तरी सुधारणेचा मोठा वाटा मिळाला असता. मग लिनक्स कशासाठी, तर २०२९ पर्यंतच्या सुरक्षा-अद्यतनांसाठी. केवळ वेगासाठी लिनक्सकडे वळू पाहणाऱ्याने आधी डिस्ककडे पाहावे.

देखभालीची व्यवस्था मुद्दाम साधी ठेवली. तिघांची खाती वेगळी असून प्रशासकाचे अधिकार एकाच खात्याला आहेत, अद्यतने आपोआप बसतात आणि टाइमशिफ्ट दर आठवड्याला सिस्टिमची स्थिती जतन करते. टाइमशिफ्ट मुळात वैयक्तिक फायलींना हात लावत नाही, म्हणून छायाचित्रे आणि लेखन यांची प्रत बाह्य डिस्कवर वेगळी घेण्याचे काम सूनबाईंनी हिशेबाच्या मासिक कामांना जोडून घेतले आहे.

जुनी डिस्क सर्व फायली सापडल्याची खात्री होईपर्यंत वायर न जोडता ठेवली आहे. ती टाकून देताना नुसते फॉरमॅट करून चालणार नाही. त्यात बँकेची कागदपत्रे होती, आणि डिस्कने बाजूला काढलेल्या खराब भागांपर्यंत साधे पुनर्लेखन पोहोचत नाही. डिस्कच्या अंतर्गत ‘सिक्युअर इरेझ’ आज्ञेने ती पुसायची आणि आजारी असल्यामुळे ती आज्ञा अर्धवट राहिली, तर तबकडीला आरपार भोक पाडूनच ती ई-कचऱ्यात द्यायची, असे ठरले आहे.